तांब्याचं बिऱ्हाड

आमच्या डोंगरात तांबं नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो. सांगायचा मला अधिकार होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या खोऱ्यात कॉलेजची डिग्री घेतलेला मी पहिला माणूस, आणि डिग्रीही भूगर्भशास्त्राची. यात बढाई असेल तर असू दे. ज्या वाडीत अंगठा उठवणारेच जास्त, तिथून उठून मी ती मिळवली होती.

डिग्री हातात आली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, एवढी वर्षं शिकवलं काय? मी म्हटलं, दगड. त्यांनी डिग्रीचा कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "बरं झालं. दगड काय आपल्याकडं संपायचा नाय." वाडीतले लोक इतके दयाळू नव्हते. दगडच फोडायचे होते तर कशेडीच्या रस्त्यावर कामाला लागला असता, कॉलेजात कशाला गेला, असं माझ्या देखत बोलायचे.

पुढं बिहारातल्या एका तांब्याच्या खाणीवर मला नोकरी लागली. तिथं हिवतापानं असं धरलं की खाणीच्या डॉक्टरनं पावसाळा संपेपर्यंत इकडं दिसू नकोस म्हणून घरी पाठवलं. साठ सालच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा होता. मी शिमग्याच्या तोंडावर घरी पोचलो, अंगात कसकस आणि ट्रंकेत एक दगड घेऊन.

दगड वडिलांसाठी आणला होता. मुलगा काय बघतो ते त्यांनी एकदा हातात घेऊन बघावं म्हणून. नारळाएवढा होता. करडा, हिरवट झाक असलेला, सगळा पापुद्र्यांचा. नखानं एखादा पापुद्रा सुटून येईल असं वाटायचं. त्यावर अभ्रकाची बारीक चमक, मधूनमधून पितळी रंगाच्या रेघा, ते तांब्याचं खनिज. आणि एका कडेला, जिथं वारा-पाणी लागलं होतं तिथं, हिरवी खपली. कल्हई उडालेल्या भांड्यात चिंचेचं सार राहिलं की जसा हिरवा कळंक चढतो, अगदी तशी.

या खडकाला शिस्ट म्हणतात. तो मुळात असा नसतो. कधीकाळचा चिखल, कधीकाळची राख किंवा लाव्हा जमिनीच्या पोटात खोल ओढला जातो. तिथं तो भाजतो, दाबला जातो, मुरगळतो, आणि वर येतो तो दुसराच खडक होऊन. म्हणून त्याला रूपांतरित खडक म्हणायचं. मुरगळताना त्याला ज्या फटी पडतात, त्यांतून खालचं ऊन पाणी वर चढतं आणि तांबं तिथं आणून ठेवतं. वडिलांना मी सांगितलं, तांबं वाटेल तिथं राहत नाही, त्याला बिऱ्हाड लागतं, आणि मी जिथं नोकरी करतो तिथं हे त्याचं बिऱ्हाड आहे. त्यांना ते पटलं. दगड त्यांनी पडवीच्या कोनाड्यात, दिव्याशेजारी ठेवला.

आमचा काळा पाषाण तसला नाही. तो वितळून वाहिला, थिजला आणि जागच्या जागी राहिला. त्याला ना कुणी भाजलं ना मुरगळलं. टोपलीत भाकऱ्या रचाव्यात तसे त्याचे थर एकावर एक बसलेत, आणि दोन थरांच्या मध्ये कुठंकुठं मऊ मातीचा पदर असतो, तांबडा नाहीतर हिरवा. हात लावला तर साबणासारखा. वरच्या खडकातून झिरपलेलं पाणी खाली उतरतं ते या पदरावर येऊन थांबतं.

माझे धाकटे काका याच पदरात खणत होते.

काका मुंबईला तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्या कारखान्यात पॉलिशवर होते. भांड्यांची धूळ छातीत बसली आणि ते खोकत परत आले, पुन्हा मुंबईला जायचं नाही असं ठरवूनच. मूलबाळ नव्हतं. ते आणि काकी दोघंच, आमच्या घराच्या वरच्या टप्प्यावर, डोंगराला पाठ लावलेल्या घरात राहायचे. आदल्या पावसाळ्यात घरामागची दरड थोडी ढासळली आणि आतून हिरवा पदर उघडा पडला. काकांचं अर्धं आयुष्य हिरवा कळंक घासण्यात गेलेलं. जिथं हिरवं तिथं तांबं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. आणि भांड्यांच्या बाबतीत ते खरंच आहे.

तरी आमच्याकडं जमिनीला नवं तोंड पाडायचं तर देवीला विचारतात. गुरव ग्रामदेवीच्या पाषाणाला उजव्या-डाव्या बाजूला ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. काकांना उजवा कौल मिळाला. भात झोडून झालं आणि त्यांनी पहार हातात घेतली. मी शिमग्याला आलो तेव्हा माणूस कमरेत वाकून आत दिसेनासा होईल एवढं भुयार झालं होतं. पोरंटोरं त्यांना तांबटशेठ म्हणायची. ते हसायचे. खोकला आला नाही तर चांगले हसायचे.

ताप उतरल्यावर मी बघायला गेलो. काका पुढं, मी मागं. आत गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की त्यांनी काय केलं आहे. वरचा काळा खडक घणाला दाद देत नव्हता, म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता आणि मऊ हिरवा पदर तेवढा कोरत ते आत गेले होते. आत आडवेही पसरले होते. डोक्यावर अख्खा डोंगर आणि त्याच्या खालची गादी काढून घेतलेली. भिंतीतून पाणी पाझरत होतं, चैत्र लागायच्या आत, जेव्हा खालच्या विहिरी तळ गाठतात.

खाणीत छत पहारीनं वाजवून बघायची पद्धत असते. पक्का खडक खणखणीत बोलतो. सुटलेला खडक बद्द वाजतो, तडा गेलेल्या मडक्यासारखा. शिस्टमध्ये तर हे रोजचंच, कारण त्याचे पापुद्रे न सांगता सुटतात. मी काकांची पहार घेतली आणि छत वाजवलं. तोंडाशी बरं वाजलं. आत जात गेलो तसा आवाज बसत गेला. शेवटी मी पहार खाली ठेवली.

"काय म्हणतो तुझा दगड?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, बाहेर चला, बाहेर सांगतो.

बाहेर येऊन मी सगळं सांगितलं. ही माती आहे, तांबं नव्हे. तांब्याला लागतो तसला भाजलेला, मुरगळलेला खडक आपल्या अख्ख्या तालुक्यात नाही. आणि हा पदर तुम्ही काढत गेलात तर पावसात वरचा थर याच्यावरून घसरणार. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले की त्यांनी तांबं हातानं घासलंय, मी कागदावर वाचलंय.

मला हे लागलं. कागदावर वाचलेलं सिद्ध करून दाखवता येतं, हाच तर कागदाचा फायदा. दुसऱ्या दिवशी मी महाडला गेलो. एका ट्रकच्या गॅरेजवाल्याकडून बॅटरीचं ॲसिड बाटलीत घेतलं आणि मांडीत धरून एस.टी.नं आणलं. कंडक्टरनं विचारलं तेव्हा औषध आहे म्हणालो. आमच्या पडवीत दोन काचेचे पेले मांडले. एकात माझ्या दगडाची खरवडलेली हिरवी खपली, दुसऱ्यात काकांची हिरवी माती. दोन्हींवर पाणी घातलेलं ॲसिड. खपली फसफसली, माती नुसती बसली. मग घासून चकचकीत केलेला एकेक खिळा दोन्हींत सोडला. वडील, काकी, वाडीतली चारदोन माणसं बघायला जमली होती. थोड्या वेळानं खिळे काढले. माझ्या दगडातला खिळा तांब्यानं लाल झाला होता, कुंकवात बुडवून काढावा तसा. काकांच्या मातीतला काळवंडून गेला होता.

काकांनी लाल खिळा उचलला, धोतराला पुसला. लाली गेली नाही. तांबंच ते. त्यांना ते ओळखता येत होतं. मला वाटलं, संपलं.

"तुझा ह्यो दगड असा व्हायला किती काळ गेला म्हणालास?"

मी म्हटलं, कोट्यवधी वर्षं. खोल जमिनीत, भाजत आणि दाबत.

"म्हंजे पिकलेला हाय."

मी म्हटलं, तसं म्हणा हवं तर.

"मग आपला कच्चा हाय, येवढंच," काका म्हणाले. "नाय हाय असं नाय. अजून लागलेलं नाय."

वाडीतली माणसं हसली, पण मला हसू आलं नाही. सबंध शिस्टचा धडा त्यांनी बरोबर ऐकला होता आणि नेमका उलटा घरी नेला होता.

दोन दिवसांनी कोनाड्यातला दगड दिसेना. मी काकींना विचारलं. त्या अंगणात शेणी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विरजण लावलंय."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. काकांनी तो दगड भुयाराच्या शेवटच्या टोकाला, हिरव्या मातीत खळगा करून बसवला होता आणि वरून मातीनं लिंपून टाकला होता. दुधाला दह्याचं विरजण लावलं की दूध लागतं. कच्च्या डोंगरात पिकलेलं तांबं ठेवलं की डोंगर लागेल. "रोज जातात बघायला," काकी म्हणाल्या. "लागलंय का म्हणून." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. भीती होती, आणि ती मातीची नव्हती. माणूस हातचा जातोय याची होती.

वैशाख-जेठात मी त्या डोंगराशिवाय दुसरं काही बघितलं नाही. भुयाराच्या बरोबर वर, नाचणीच्या वरकस तुकड्यात, मला एक चीर सापडली. गवतातून जाणारी, पायवाट असावी तशी. मी तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आणि मध्ये सुतळी बांधली. आठवड्यानं गेलो तर सुतळी तुटली होती. गुरानं तोडली असेल म्हणून पुन्हा बांधली, ढिली ठेवून. पुढच्या वेळी ती ताणून तारेसारखी झाली होती. वाजवली तर वाजली असती.

महाडच्या कचेरीतही जाऊन आलो. तिथल्या माणसानं नीट ऐकलं, आणि विचारलं, माणूस स्वतःच्या घरामागं स्वतःच्या जागेत खणतो, यात आम्ही काय करायचं?

आणि काकींच्या घराचं दार लागेना. आधी वाटलं, लाकूड फुगलं. पण पाऊस नव्हता, फुगायला कारण नव्हतं. चौकट एका अंगाला कलली होती, बोटभर. काकांनी रंधा आणला, दाराची कड तासली, दार लागलं. मग पुन्हा अडायला लागलं, त्यांनी पुन्हा तासलं. अंगणात लाकडाची पांढरी सालपटं पडलेली असायची. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, दार वाढत नाही, घर सरकतंय. ते रंधा मारतच राहिले.

"ह्या गोष्टीला देवीनं हो म्हटलंय," ते म्हणाले. "उजवा दिलाय. आता मधीच सोडलं तर तिला काय सांगू, पुतण्या नको म्हणतो?"

त्या दिवशी मी हरलो हे मला समजलं. ॲसिड, खिळे, सुतळी, सगळं एका बाजूला आणि एक कळी दुसऱ्या बाजूला. वडिलांना मी तसं म्हणालो. वडील म्हणाले, "मग कळीलाच इचारू."

मी कौल मानत नव्हतो. आजही मानत नाही. पण गेलो. अडचण अशी की एकदा घातलेला प्रश्न पुन्हा घालत नाहीत. गुरव त्याला तयारच झाला नसता. वडिलांनी वाटेत दुसरा प्रश्न जुळवला. खणण्याचं नावच काढायचं नाही. धाकट्याची चूल या पावसात कुठं पेटवायची, एवढंच विचारायचं. वर ठेवायची तर उजवं दे, खाली आणायची तर डावं दे. मला त्या वेळी वडिलांचा अभिमान वाटला. देवळात काकाही आले, काकीही आल्या. गुरवानं कळ्या लावल्या, प्रश्न घातला.

कळ्या पडेनात. बाहेर ढग दाटून आले होते, गाभाऱ्यात समईपुरता उजेड. सगळे उभे. गुरवानं पुन्हा पाणी शिंपडलं नाही, तसं करत नाहीत. पाय भरून आले. मग एकाएकी दोन्ही कळ्या एकदम सुटल्या आणि बरोबरच खाली आल्या.

गुरव मागं सरला. असा कौल धरत नाहीत म्हणाला. आई बोलत नाही. घरी जा, आज काही विचारू नका.

काका बरे दिसायला लागले. नकार तर नव्हता. आम्ही उतरत होतो, आणि घराच्या वळणावर काकी थांबल्या. कधी थोरल्या दिराशी मान वर करून न बोलणारी बाई.

"भावजी," त्या वडिलांना म्हणाल्या, "आई बोलली नाय म्हंजे चुलीचं चुलवालीनं बघायचं."

त्या वर गेल्या. थोड्या वेळानं खाली आल्या त्या घमेल्यात विस्तव घेऊन. आमच्या पडवीच्या टोकाला तीन दगड मांडले, विस्तव त्यात ओतला, वर लाकूड ठेवलं. मग पुन्हा वर गेल्या आणि आपल्या चुलीतली राख पाणी मारून थंड केली. काका दारात उभे राहून बघत होते.

"मी काय खाऊ गो मग?"

"खायचं तर खाली या. वर भाकरी येणार नाय."

आणि तसंच झालं. काका दुपारी खाली येऊन जेवायचे, तोंडातला घास संपायच्या आत वर जायचे. निजायलाही वरच. काकींनी एकदाही शिदोरी वर धाडली नाही. वाडीतल्या बायका नावं ठेवायच्या, नवऱ्याला उपाशी ठेवते म्हणून. त्या ऐकून घ्यायच्या.

श्रावणात पावसानं चार-पाच दिवस उसंत दिली नाही. दोन घरांच्या मधला पऱ्या, म्हणजे ओढा, भरून वाहत होता, पण भुयारातून येणारं पाणी मात्र थांबलं होतं. काका खूश. म्हणाले, आतून घट्ट होतंय, लागतंय. पण एवढ्या पावसात पाणी थांबतं तेव्हा ते गेलेलं नसतं, कुठंतरी साठलेलं असतं.

त्या दुपारी काका नेहमीपेक्षा उशिरा आले. काकी ताट वाढून बसून राहिल्या होत्या, दाराकडं तोंड करून. ते आले, पाय धुतले, पहिला घास घेतला. तेवढ्यात कांडपाचा आवाज यावा तसा जमिनीतून आवाज आला, एक, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम सगळा. वडिलांनी नंतर सांगितलं की झाडं उभीच्या उभी चालत आली. मी ते पाहिलं नाही. मला फक्त चिखलाचा वास आला आणि लाकडं तुटताना ऐकू आली. थांबलं तेव्हा काकांच्या घराच्या जागी काळे धोंडे होते आणि लाल पाणी. पऱ्यानं वाट बदलली होती. आमचं घर वाचलं, कारण मधला पऱ्या खोल होता.

काकांचा हात ताटातच होता. "दगड आत राहिला," ते म्हणाले, आणि काकींनी त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

पाऊस उघडल्यावर आम्ही बघायला गेलो. डोंगराची कातडी सोलून निघाली होती. वर काळा कडा, खाली काळा कडा, आणि मध्ये तो पदर, धुतलेला, ओला, उन्हात हिरवागार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका बराच वेळ बघत राहिले. त्यांचं घर गेलं होतं, भांडी गेली होती, रंधा गेला होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "म्हणत होतो ना. केवढा हाय."

मी बघत होतो. पदर कुठं संपतो ते बघत होतो. तो संपत नव्हता. डाव्या हाताला वळून तो आमच्या घराच्या वरून, झाडीआडून, वाडीच्या मागं सरळ गेला होता.

हे मी वडिलांना सांगितलं. त्यांनी गणपती होऊ दे म्हटलं, देव घरात असताना घर हलवत नाहीत. गणपती बसले. काका-काकी आमच्यातच राहत होते. गौरी आणल्या त्या सकाळी वडील बाहेरून आले आणि त्यांनी मागं दार ओढलं. ते पुरतं आलं नाही. बोटभर अंतरावर अडलं. त्यांनी पुन्हा ओढलं.

"ह्या घरात रंधा कुठं असतो गो?" काका उठत म्हणाले.

काकी चुलीकडं गेल्या. त्यांनी घमेलं घेतलं आणि चुलीतला विस्तव भरायला सुरुवात केली.